‘आधी वरच्यांना सांगा’: सहकार्याचे मानसशास्त्र आणि कालव्याची चारी

एका नव्या अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी जळगाव जिल्ह्यात नव्याने रुजू झालो आहे. प्रशिक्षणात सहकार्याच्या मानसशास्त्रावर दोन दिवस शिकवले. कैद्यांचा पेच, सामाईक कुरण, सार्वजनिक निधीचा खेळ वगैरे. इथे येऊन पाहतो तर पाणीपट्टी थकलेली, शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था कागदावर आणि ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही. या सिद्धान्तांचा प्रत्यक्ष कामात काही उपयोग आहे का? एप्रिलच्या शेवटी एका संस्थेच्या सभासदांबरोबर माझी पहिली बैठक आहे.’

उपयोग आहे. मात्र तो लोकांवर करायचा म्हणून निघालात तर फसाल. निम्मा उपयोग स्वतःच्या कार्यालयावर करावा लागतो, आणि तोच भाग प्रशिक्षणात घाईघाईने उरकतात.

मी ३१ वर्षे नोकरी केली. पहिली १९ वर्षे सिंचनात, शाखा अभियंता म्हणून सुरुवात करून; उरलेली जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात. सगळी धुळे-जळगाव पट्ट्यात. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना एका वर्गात हे प्रयोग पहिल्यांदा ऐकले. ऐकताना सारखे वाटत होते, हे आपण चारीवर पाहिले आहे. आणि हेही वाटले, की आधी कळले असते तर दोन-तीन ठिकाणी तोंडावर पडलो नसतो.

नोकरीचे दुसरे वर्ष. गिरणेच्या कालव्याची एक वितरिका (उपकालवा), तिच्यावर एक चारी (शेतांपर्यंत जाणारा छोटा पाट), चारीवर चाळीसच्या आसपास खातेदार. रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, चालू होते आणि टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नव्हते. शेवटच्या खातेदाराकडे मी थकीत पट्टी मागायला गेलो. सोबत कालवा निरीक्षक, हातात वही. म्हातारा गव्हाच्या बांधावर बसला होता. उठलाही नाही. म्हणाला, ‘साहेब, पहिले वरलासले सांगा, मंग आम्हले सांगा.’ मी कार्यालयात येऊन अहवालात लिहिले: ‘लाभधारक सहकार्य करण्यास तयार नाहीत.’ हे वाक्य आपल्या खात्यात इतके लिहिले जाते की त्याचा शिक्काच करून ठेवावा. त्या माणसाने नकार दिलाच नव्हता, त्याने अट सांगितली होती (आधी चारीच्या मुखाकडचे, मग आम्ही), हे कळायला मला पंधरा-वीस वर्षे लागली.

तुम्हाला ‘सार्वजनिक निधीचा खेळ’ शिकवला असेल. चौघे जण, प्रत्येकाकडे २० नाणी. मधल्या भांड्यात जितके टाकाल त्याच्या १.६ पट होऊन ते चौघांत सारखे वाटले जाते. सगळ्यांनी सगळे टाकले तर सगळ्यांचा फायदा. पण एकट्याचा हिशेब पाहिला तर टाकलेल्या एका नाण्याचे ०.४ च परत येते, म्हणून प्रत्येकाला हात आखडता घ्यावासा वाटतो. झुरिकमध्ये फिशबाखर, गेश्टर आणि फेर यांनी या खेळात वेगळा प्रश्न विचारला: बाकीच्यांनी सरासरी इतके टाकले तर तुम्ही किती टाकाल? २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्या लोकांचे उत्तर साधारण असे होते: ते जास्त टाकतील तर मी जास्त टाकीन, ते कमी टाकतील तर मी कमी. कोणी काहीही करो, मी काहीच टाकणार नाही, असे म्हणणारे तीसेक टक्के निघाले. विद्यार्थी अवघे ४४ होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे चोपड्याला किंवा साक्रीला लावू नका. पण माझा म्हातारा त्या निम्म्यांतला होता, एवढे मी छातीठोकपणे सांगतो.

त्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. अट घालून देणारी ही माणसे इतरांच्या बरोबरीने देतो म्हणतात, प्रत्यक्षात चिमूटभर कमी देतात. फेरीमागून फेरी सगळेच चिमूटभर कमी देत गेले की भांडे रिकामे होते, आणि त्यासाठी कोणी लबाड असण्याचीही गरज पडत नाही. पहिल्या वर्षी वाजतगाजत सुरू झालेली पाणी वापर संस्था पाचव्या वर्षी कपाटात का जाते, याचे याहून चांगले उत्तर मला मिळालेले नाही. आपण मात्र ‘गावात राजकारण आहे’ असे म्हणून मोकळे होतो.

यातून पहिले काम निघते. दुसऱ्याने किती दिले आणि किती घेतले, हे प्रत्येकाला दिसले पाहिजे. कार्यालयातल्या नोंदवहीत नव्हे, चारीच्या तोंडाशी. पुढे एका वितरिकेवर मी साधा फळा लावला. त्यावर तारीख, पाळी कोणाची, किती वाजता सुरू, किती वाजता बंद आणि मापकावरची पाण्याची उंची. लिहायचे पाटकऱ्याने, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या माणसाने. पहिल्या आवर्तनात कोणीतरी फळ्याला शेण फासले. दुसऱ्यात लोक खडूने चुका दुरुस्त करू लागले: ‘सहा नाही, पावणेआठ.’ ज्या दिवशी फळ्यावर भांडण झाले त्या दिवशी मी समजलो, की आता हा वाचला जातोय. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून द्यायचे ठरले, ते योग्यच आहे. पण मोजलेला आकडा जर फक्त शाखा कार्यालयात राहिला, तर तो चारीवरच्या माणसासाठी मोजलाच गेला नाही.

आपल्याकडे हे कोणालाही नवे नसावे. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत काही शतके चालत आली आहे. साक्रीकडे बदली झाली तेव्हा मी ती जवळून पाहिली. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले. एका फडात एका वर्षी एकच पीक, त्यामुळे सगळ्यांची पाण्याची गरज एकाच वेळी, एकसारखी. माझ्या उसाला आणि तुझ्या हरभऱ्याला एकाच पाळीत पाणी, हा वादच उद्भवत नाही. बहुतेक खातेदारांची थोडी-थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. पाणी कमी पडले की पंच एखादा फड कोरडा ठेवतात, आणि तोटा एकाच्या माथी न बसता वाटला जातो. पाणी देणारा पाटकरी, त्याच्यावर हवालदार, पिके राखणारा जागल्या. यांना ठेवते गाव आणि पोसतेही गावच. म्हणून त्यांनी चुकवले तर जाब विचारायला कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९० च्या त्यांच्या पुस्तकात स्वित्झर्लंडच्या तोर्बेल गावची कुरणे, फिलिपाइन्सच्या झांजेरा (शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था), स्पेनमधल्या वालेन्सियाचे पाट अशी उदाहरणे आहेत. वालेन्सियात पाण्याचे तंटे दर गुरुवारी चर्चच्या दाराशी, उघड्यावर, पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांनीच निवडलेल्या पंचांसमोर मिटतात. हे वाचताना मला आपल्या पाराची आठवण आली. त्यांनी काढलेली सूत्रे, म्हणजे हद्द स्पष्ट असावी, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, राखणदार वापरणाऱ्यांना जबाबदार असावा, शिक्षा लहानापासून चढत जावी, तंटा स्वस्तात मिटावा, ही फडावर एकेक करून ताडून पाहा. त्याआधी १९६८ मध्ये हार्डिन यांनी सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली होती: कुरण सगळ्यांचे, म्हणून प्रत्येक जण जास्त चारतो आणि शेवटी ते उजाड होते. तुम्हाला तीच आधी शिकवली असणार. पुढे त्यांनीच मान्य केले, की शोकांतिका होते ती व्यवस्था नसलेल्या कुरणाची. प्रशासनात मात्र पहिलीच आवृत्ती राहिली, कारण तिच्यातून ‘म्हणजे आपणच ताबा घ्यायला हवा’ असा सोयीचा अर्थ काढता येतो.

आता दंड. माझी सर्वांत मोठी फजिती इथे झाली.

नमुना सातचा (पाणी मागणीचा) अर्ज न भरता कोणी पाणी घेतले, तर पंचनामा करून जादा दराने आकारणी होते. एका उन्हाळी हंगामात मी ठरवले, की कोणाचीच गय करायची नाही. दिसेल तिथे पंचनामा. पहिल्या आठवड्यात धाक बसला. तिसऱ्या आठवड्यात एक बागाईतदार स्वतःच माझ्या मोटारसायकलजवळ आला आणि म्हणाला, ‘साहेब, दंड लिखी ल्या, पन पानी आजच जोयजे.’ केळी वाळत होती, त्याचा हिशेब चोख होता. पंचनाम्याने मी चोरीला दर ठरवून दिला होता. महिनाभरात कालव्यावर डोंगळे (चोरून पाणी ओढायचे पाइप) वाढले, कारण आधी जी गोष्ट रात्री लाजत-लपत व्हायची ती आता ‘आम्ही भरतो ना दंड’ म्हणून दिवसा होऊ लागली. आणि टेलचे लोक म्हणू लागले, पैसेवाल्यांना सरकारनेच परवानगी दिली.

ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांचा इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोग (२०००) वाचला तेव्हा मला तो बागाईतदार आठवला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायचा तो जवळजवळ दुप्पट झाला. बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती, तिच्या जागी १० शेकेल आले. पुढे दंड उठवला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. गेलेली लाज परत येत नाही, हे मीही पुढची दोन वर्षे त्याच कालव्यावर भोगले.

याचा अर्थ दंड नको असा घेऊ नका. फेर आणि गेश्टर यांच्याच प्रयोगांत, खेळणाऱ्यांना एकमेकांना दंड करता आला तेव्हा भांडे भरलेले राहिले. महत्त्वाचे हे, की दंड करतो कोण आणि केवढा. फडावर पहिल्या चुकीला चार माणसांसमोर बोलणे खावे लागे, आणि ते पुष्कळांना पुरत असे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने नव्वदच्या दशकात आपले जंगल राखायला घेतले, तेव्हा कुऱ्हाडबंदीचे आणि दंडाचे नियम गावानेच बसून केले. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांना त्या पाड्याचे नाव पहिल्यांदा कळले. वनभाज्यांच्या स्पर्धेला जाणाऱ्या आम्हा लोकांना ते आधीपासून माहीत होते. तिथे दंड मागणारा शेजारी असतो. तो उद्याही शेजारीच राहणार असतो, त्यामुळे दंडाला ‘दर’ समजून चालत नाही.

सक्तीबद्दल आपल्या श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी पुरेशी बोलकी आहे. राजाच्या हुकमाने गावाने घरातले सगळे दूध आणून ओतले, वासरे-लेकरे उपाशी ठेवली, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने सगळ्यांना पाजून उरलेले खुलभर आणले आणि तो भरला. मार्चअखेरच्या वसुली मोहिमेत मला दर वर्षी हा राजा आठवायचा.

दुसरी फजिती थकबाकीदारांच्या यादीची. जिल्हा परिषदेत असताना एका गावच्या नळपाणी योजनेची थकबाकी वाढली. वरून सूचना आली, यादी चावडीवर लावा, लोक लाजेने भरतील. लावली. तीन पाने भरली. संध्याकाळपर्यंत गावाला एक नवी माहिती मिळाली होती: जवळपास कोणीच भरत नाही! जे भरत होते त्यांच्यापैकीही काही जण पुढच्या महिन्यात थांबले. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानात दगड झालेल्या प्राचीन झाडांचे तुकडे लोक खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ चाल्डिनी यांनी तिथे फलक लावून पाहिले. ‘पुष्कळ लोकांनी नेल्यामुळे उद्यानाचे नुकसान झाले’ अशा फलकाजवळ चोरी वाढली. माझी तीन पाने म्हणजे तोच फलक.

मग आम्ही उलट केले. भरणाऱ्यांची यादी लावली, गल्लीवार, दर पंधरवड्याला नवी. पण तिथेही एक काटा आहे. आपल्याकडे पहिला पैसे भरणाऱ्याला सुखाने जगू देत नाहीत. ‘मोठा सरकारना जवाई!’ हे टोमणे मी कानांनी ऐकले आहेत. हेरमान, तोनी आणि गेश्टर यांनी २००८ मध्ये जगातल्या १६ शहरांतले प्रयोग मांडले, तेव्हा काही ठिकाणी लोक चांगले देणाऱ्यालाच दंड करतात असे दिसले. म्हणून पहिली यादी एकट्या-दुकट्याच्या नावाने लावू नका. वीस-पंचवीस घरे आधी गुपचूप तयार करा, एकाच दिवशी भरून घ्या आणि मग यादी लावा. वीस घरांची टवाळी करायला टवाळखोरही कमी पडतात.

आता कार्यालयाकडे वळतो. ॲक्सेलरॉड यांच्या संगणक स्पर्धा तुम्हाला शिकवल्याच असतील. कैद्यांचा पेच (दोघांनी साथ दिली तर दोघांचा फायदा, पण प्रत्येकाला एकट्याने दगा देणे फायद्याचे वाटते) पुनःपुन्हा खेळायचा. पहिल्या स्पर्धेत १४ आणि दुसऱ्यात ६२ डावपेच आले, आणि दोन्ही वेळा रापोपोर्ट यांचा सर्वांत छोटा डाव जिंकला: पहिला हात सहकार्याचा, मग समोरचा जसे करील तसे. वर्गात हे शिकवताना ‘समोरचा’ म्हणजे गावकरी असे गृहीत धरले जाते. गावाच्या नजरेतून पाहा. त्यांच्यासाठी समोरचा खेळाडू आपण आहोत, आणि आपला मागचा हात त्यांना पक्का आठवतो.

एकदा मी सभेत सांगितले, मंगळवारी सकाळी पाणी सुटेल. वरून दरवाजे रविवारी रात्री उघडले. चारीची साफसफाई अर्धवट, लोक लग्नात. पाणी ओढ्याला गेले. चूक माझी नव्हती, पण गावाने ती माझ्याच नावावर लिहिली, आणि बरोबरच लिहिली. त्या वर्षी साफसफाईला कोणी फिरकले नाही. आपल्या कामात अशी गफलत सारखी होते: वीज जाते, कालवा फुटतो, आदेश बदलतो. गफलतीच्या खेळात जशास तसे हा डाव कोसळतो, एका चुकीवरून दोघे एकमेकांना वर्षभर शिक्षा देत बसतात. नोवाक आणि सिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवले, की अशा वेळी अधूनमधून माफ करणारा डाव तगतो. पण गावाने आपल्याला माफ करावे असे वाटत असेल, तर चूक झाल्याच्या दिवशीच जाऊन सांगावे लागते. आठ दिवसांनी पाठवलेल्या खुलाशाला माफीचा वास येत नाही.

ॲक्सेलरॉड यांचे दुसरे म्हणणे जास्त अडचणीचे आहे. पुन्हा भेटायचे आहे ही जाणीव असेल तरच सहकार्य टिकते. आपल्या बदली कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा. गावाला माहीत असते, साहेब जाणार. साहेबालाही माहीत असते. पहिले वर्ष ओळखीत, तिसरे बदलीच्या धावपळीत, राहते मधले एक. याला माझ्याकडे औषध नाही, फक्त मलमपट्टी आहे. वचन स्वतःच्या तोंडाने कमी द्या, संस्थेच्या इतिवृत्तात जास्त लिहून ठेवा. फळा, वही, मापकाची किल्ली गावाकडे ठेवा. आणि बदली झाली की नव्या माणसाला घेऊन एकदा चारी चालून या. मी हे दोनदाच करू शकलो. दोन्ही ठिकाणी पुढची दोन-तीन आवर्तने सुरळीत गेली.

खात्याखात्यांतही हाच खेळ चालतो. समन्वय बैठकीत प्रत्येक जण ‘आपल्या स्तरावरून कार्यवाही व्हावी’ असे पत्र घेऊन येतो. ते पत्र म्हणजे हात आखडता घेण्याची सभ्य रीत. बैठकीपेक्षा वीज कंपनीच्या अभियंत्याला सोबत घेऊन पंपगृहापर्यंत चाललेले बरे. याहून जास्त लिहिण्यासारखे त्यात नाही.

एक सावधगिरी. मानसशास्त्रज्ञ शेरीफ यांचा १९५४ चा ओक्लाहोमातला प्रयोग तुम्हाला आवडला असेल: शिबिरातल्या मुलांचे दोन गट, हाडवैर, मग पाण्याची टाकी बंद पडली आणि दोघांना मिळून दुरुस्तीला लागावे लागले. नुसते एकत्र जेवायला बसवले तेव्हा भांडणच वाढले होते. सामाईक अडचणी एकामागून एक आल्या तेव्हा वैर ओसरले. दोन गावांच्या संयुक्त योजनेची जलवाहिनी एप्रिलमध्ये फुटली, तेव्हा मी हे घडताना पाहिले आहे. पण ती मुले एकाच घडणीची होती. त्यांच्यात जात नव्हती, जमिनीचा वाद नव्हता, कोणी सातपुड्यातल्या पाड्यावरून आले नव्हते. गावात ‘सगळे एकत्र आले’ असे दिसते तेव्हा मी विचारायला शिकलो, सगळे म्हणजे कोण? पाणी वापर संस्थेचा सभासद जमिनीवरून ठरतो. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, रात्रीची पाळी मात्र बऱ्याच घरांत बाई धरते. वरच्या दहा बागाईतदारांचे आपसात उत्तम सहकार्य असते, आणि टेल कोरडे राहण्याचे ते एक कारण असते. फडाचेही मी कौतुक केले, पण तो जमीनवाल्यांचा फड होता, हे विसरू नका.

आता तुमची बैठक. भाषण तयार करू नका. आधीच्या आठवड्यात चारी टेलकडून मुखाकडे पायी चाला, उलट नाही. शेवटच्या तीन खातेदारांना एवढेच विचारा, मागच्या आवर्तनात पाणी किती तारखेला, किती वाजता आले. लिहून घ्या. मग तोच प्रश्न पहिल्या तिघांना. बैठकीत ही सहा उत्तरे नावे न घेता वाचा आणि गप्प बसा. बोलायचे ते लोक बोलतील. आवाजही चढतील, चढू द्या. टॉम टायलर यांचे काम शिकवले असेल तर आठवा: निर्णय विरोधात गेला तरी माणूस तो पाळतो, आपले म्हणणे ऐकले गेले असेल तर. शेवटी एकच गोष्ट ठरवा, चाळीस जणांना जमेल अशी आणि पंधरा दिवसांत दिसेल अशी. साफसफाईचा एक दिवस, नाहीतर फळा. पट्टीचा विषय त्या दिवशी काढूच नका. आणि तुमच्या कार्यालयाचे एखादे रखडलेले काम असेल, तुटलेला दरवाजा, गळकी मोरी, तर ते बैठकीच्या आधी करून टाका आणि बैठकीत त्याचा उल्लेख करू नका. त्यांनी पाहिलेले असते.

तारखेचे तेवढे बघा. एप्रिलच्या शेवटी म्हणता, तर आखाजी (अक्षय्य तृतीया) कधी येते ते पंचांगात पाहून घ्या. त्या दोन-तीन दिवसांत सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झाडाझाडाला झोके आणि ओट्याओट्यावर पत्ते. मी एकदा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बैठक ठेवली होती. कालवा निरीक्षक आणि मी, दोघेच होतो; तासाभराने तोही पत्त्यांकडे गेला.